जुन्या बोगद्यांजवळच्या कोळसा खाणीत छत सांभाळणं

आधी कुणीतरी कोळसा काढून रिकाम्या गॅलऱ्या, म्हणजे कोळशात खणलेले बोगदे, सोडून गेलंय, आणि त्याच्या शेजारी, वर किंवा खाली आपण नवीन कोळसा काढतोय, अशा वेळी डोक्यावरचा दगड खाली येऊ नये म्हणून जे काही करावं लागतं ते सगळं ह्यात येतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या आमच्या सीमाभागात कोळसा नाहीच, इथं जांभा, काळा दगड, गोकाककडं क्वार्ट्झाईट, आणि भारतातला बहुतेक कोळसा मिळतो तो गोंडवाना नावाच्या जुन्या थरांच्या दगडात, म्हणजे दामोदर, गोदावरी, वर्धा ह्या नद्यांच्या खोऱ्यात. तरी विषय लांबचा नाही, कारण कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनला वीज बनवायला मिळालेली बरांजची ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडी, खाण चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीजवळ आहे, म्हणजे कर्नाटकातला दिवा लावायला मराठी मुलखातला कोळसा लागतो.

भारतातल्या जुन्या भूमिगत खाणी बहुतेक बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या. आडव्या-उभ्या गॅलऱ्या खणायच्या आणि मध्ये कोळशाचे चौकोनी पिलर सोडायचे. नियमाप्रमाणे गॅलरी ४.८ मीटरपेक्षा रुंद आणि ३ मीटरपेक्षा उंच नको. वरचा डोंगर धरतात ते हे पिलरच, लाकूड आणि लोखंड फक्त छताचा लगतचा थर धरतात, आणि हा फरक कळला की पुढचं सगळं सोपं होतं.

हिशेब करून बघा. खाण १०० मीटर खोल, दगडाचं वजन घनमीटरला साधारण अडीच टन, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर २५० टन. एका पिलरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत २० मीटर धरलं तर एका पिलरच्या वाट्याला ४०० चौरस मीटरचा भार येतो, म्हणजे १ लाख टन. गॅलरी ४ मीटरची असेल तर पिलर १६ बाय १६, चौरस मीटरला ३९० टन. आता तीस-चाळीस वर्षं पाण्यात, दमट हवेत उभं राहून त्याच पिलरच्या चारी बाजू एकेक मीटर झडल्या तर उरला १४ बाय १४, आणि तोच भार ५१० टनांवर जातो! नकाशावर मात्र अजून १६ बाय १६ च दिसतंय. आणि एक पिलर दबला की त्याचा भार शेजारच्यावर जातो, कौलारू घरात एक खांब काढला की तुळईचं ओझं बाजूच्या खांबावर येतं ना, तसंच.

२१ जानेवारी १९६० ला दक्षिण आफ्रिकेत कोलब्रुकच्या कोळसा खाणीत असेच पिलर एकामागून एक बसत गेले आणि ४३० पेक्षा जास्त माणसं गेली. त्यानंतर सॅलमन आणि मन्रो ह्या दोघांनी ९८ टिकलेल्या आणि २७ कोसळलेल्या ठिकाणांचा अभ्यास करून १९६७ मध्ये पिलरच्या ताकदीचं सूत्र दिलं, पिलर जितका रुंद आणि बुटका तितका तो मजबूत.

म्हणून पहिलं काम नकाशा, आणि माझ्या मते छताचं अर्धं काम तिथंच होतं. जुन्या कामात पाणी साचलेलं असू शकतं, म्हणून ६० मीटरच्या आत जायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते आणि पुढं, बाजूला बोअर मारत मारतच जायचं, मध्ये कोळशाची जाड भिंत म्हणजे बॅरियर तसाच ठेवायचा. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनालात जुन्या कामात साठलेलं पाणी खाली चालू खाणीत घुसलं आणि ३७० च्या वर कामगार गेले. पाणी छतालाही वाईट, शेल, म्हणजे मातीचा पातळ थरांचा दगड, भिजला की मऊ पडतो, थर एकमेकांपासून सुटतात.

मग प्रत्यक्ष आधार. छत किती चांगलं हे ठरवायला आपल्याकडं आरएमआर (रॉक मास रेटिंग, म्हणजे दगडाला दिलेले गुण) काढतात, त्यात थराची जाडी, भेगा, दगडाची ताकद, पाण्यानं झिजणं आणि पाझर ह्यांना गुण देतात. मुख्य आधार म्हणजे रूफ बोल्ट, छताला भोक पाडून सळई घालायची आणि सिमेंट किंवा रेझिननं पूर्ण भरायचं, त्यामुळं पातळ थर एकत्र शिवले जातात आणि एका जाड तुळईसारखे वागतात. जुन्या बोगद्याच्या बाजूला बोल्ट जवळजवळ मारतात, गॅलऱ्या एकमेकींना छेदतात त्या चौकात जास्तच, कारण तिथं चारी बाजूंनी आधार कमी. शिवाय प्रॉप म्हणजे छताखाली उभे केलेले टेकू, आणि लाकडं आडवी-उभी रचून केलेले चॉक. जुन्या कामगारांना लाकडी प्रॉप आवडायचा कारण तो मोडायच्या आधी करकरतो, पळायला वेळ देतो. प्रत्येक शिफ्टला सरदार, म्हणजे खाणीतला सुरक्षा बघणारा मुकादम, छत ठोकून बघतो, खणखणीत वाजलं तर ठीक, पोकळ वाजलं तर थर सुटलाय, तो भाग आधी पाडायचा किंवा आधार द्यायचा, मगच माणूस आत. छत किती खाली आलं हे मोजायला टेलटेल बसवतात, आणि आकडा एकसारखा वाढत असेल तर माणसं बाहेर काढायची, कोळसा नंतर.

डिपिलरिंग करताना, म्हणजे शेवटी पिलरच काढताना, मागचा गोफ, म्हणजे पिलर काढून रिकाम्या झालेल्या जागेवरचं छत, वेळेवर पडणं उलट चांगलं. तो लटकत राहिला तर सगळा भार पुढच्या पिलरवर येतो, मग सुरुंग लावून मुद्दाम पाडतात, किंवा वर गाव, रेल्वे असेल तर वाळू भरतात.

आजकाल जुन्या गॅलऱ्यांवर ओपनकास्ट खाणी होतात, तिथं छत म्हणजे यंत्र उभं असलेली जमीनच. त्यामुळं वरून बोअर मारून पोकळी शोधतात, ती सुरुंगानं आधी बसवतात, आणि मगच शॉव्हेल, डंपर त्यावर जाऊ देतात.