कोरीवकामाचे लाकूड (ठाणे–नवी मुंबई)

मूर्ती, मुखवटा, देव्हाऱ्याची महिरप किंवा दाराची चौकट कोरण्यासाठी लाकूड निवडताना त्याचा पोत, घनता, रेषांची दिशा आणि ते किती मुरले, म्हणजे वाळून स्थिरावले आहे हे पाहिले जाते. ठाणे व नवी मुंबई या खाडीकाठच्या शहरांत दमट हवा लाकडाला काय करते, याचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. ठाण्यात वर्षाला सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. भर पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते आणि तेव्हा लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या जवळपास १८ टक्के पाणी धरून ठेवते. कोरड्या दिवसांत हेच प्रमाण ११–१२ टक्क्यांपर्यंत उतरते. त्यामुळे कोरून झालेली वस्तूसुद्धा दरवर्षी फुगते आणि आकसते.

हे आकसणे सगळ्या दिशांना सारखे नसते. वर्षवलयांच्या कडेने ते मध्यापासून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट होते आणि लांबीत जवळजवळ होतच नाही. म्हणूनच अखंड ओंडका वाळताना सालीकडून मध्यापर्यंत चिरतो, आणि ती चीर मूर्तीच्या चेहऱ्यावरही येऊ शकते. यासाठी ओंडका उभा फाडून मधला भाग वगळलेला ठोकळा घेतात आणि मोठी मूर्ती मागून पोकळ करतात. ओल्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना मेण किंवा तैलरंग लावून तो सावलीत रचावा. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, हा वाळवणीचा जुना हिशेब आहे. घाई असेल तर ठोकळा दर आठवड्याला वजन करून पाहावा आणि वजन उतरायचे थांबल्यावरच पटाशी लावावी. मात्र हे पावसाळ्यात तपासून उपयोग नाही.

वखारीत कोरीवकामाचे नाव काढले की बहुधा साग पुढे येतो. तो कमी आकसतो, अंगचा तेलकट असल्याने वाळवीला दाद देत नाही, आणि दारे, चौकटी, चौरंग यांवरच्या ठसठशीत नक्षीला त्याच्या तोडीचे लाकूड क्वचितच मिळते. बारीक मूर्तिकामात मात्र त्याचा मान गरजेपेक्षा जास्त राखला जातो. सागाच्या प्रत्येक वलयात मोठ्या छिद्रांचा भुसभुशीत पट्टा आणि घट्ट पट्टा शेजारीशेजारी असतात. पटाशी एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाताना अडखळते आणि नाकाचा शेंडा, बोटांची पेरे, दागिन्यांचे मणी यांच्या कडा उडतात. सागातल्या सिलिकामुळे हत्याराची धारही लवकर जाते. जुन्या घरांच्या मोडीतला साग पूर्ण मुरलेला असतो, पण कोरण्यापूर्वी त्यावर लोहचुंबक फिरवून आत तुटून राहिलेले खिळे शोधावे लागतात.

मूर्तीसाठी शिवण अधिक योग्य. सह्याद्रीच्या जंगलात आढळणाऱ्या या झाडाचे लाकूड पिवळसर पांढरे असते. त्याची घनता घनमीटरला ४५० ते ५०० किलोच्या दरम्यान असते. सागाची सुमारे ६५०. धारदार गोल पटाशीने शिवण स्वच्छ कापले जाते आणि वाळल्यावर फारसे वाकत नाही. शिकणाऱ्याच्या हाती साग देण्याऐवजी शिवण द्यावे. हेदूचा पोत याहून बारीक असल्याने तो लहान वस्तूंना चांगला. शिसवी सर्वांत रेखीव तपशील धरते, पण घनमीटरला सुमारे ८५० किलो भरणारे हे लाकूड हाताची कसोटी पाहते. २०१७ पासून साइट्स या धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रणही आहे.

काही कामांत वजन हाच निकष असतो. जव्हार–मोखाडा हा भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. तेथील बोहाडा या सोंगांच्या पारंपरिक आदिवासी उत्सवातले मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. मुखवटा चढवून नाचायचे असते, त्यामुळे जड लाकूड कामाचे नाही. पांगारा आणि सावर ही हलकी लाकडे, पण त्यांना कीड लवकर लागते. बोरिक आम्ल आणि बोरॅक्सचे द्रावण पाजूनच ती वापरावीत. साग असो वा शिवण, सालीलगतचे फिकट रसकाष्ठ नेहमी तासून टाकावे, कारण भुसा पाडणारी कीड आधी तिथेच शिरते.

रस्त्याकडेचे पर्जन्यवृक्ष हा या शहरांतला दुर्लक्षित साठा आहे. या गडद तपकिरी लाकडाचे आकुंचन इतके कमी की थायलंड व फिलिपिन्समध्ये त्याच्या परड्या आणि मूर्ती मोठ्या प्रमाणावर कोरल्या जातात. आपल्याकडे पावसाळ्यात कोसळलेल्या या झाडांचे सरपण होते, याचे वाईट वाटते. शहरातले झाड तोडण्यासाठी १९७५ च्या राज्य कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पडलेले लाकूडही महापालिकेला किंवा सोसायटीला विचारूनच उचलावे. येऊरच्या जंगलातून मात्र वाळकी फांदीही आणता येत नाही. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

न्हावा शेवा बंदरात येणाऱ्या मालाच्या खोक्यांतले पाइन स्वस्तात मिळते. ते सरावाला ठीक. मऊ-कठीण पट्ट्यांमुळे बारीक काम त्यात टिकत नाही. फळीवर ‘एचटी’ छाप असेल, तर कीड मारण्यासाठी ती गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेली असते. याचा अर्थ ती मुरलेली आहे असा नाही. ‘एमबी’ छाप मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिल्याची खूण आहे; अशी फळी खेळण्यांना आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंना घेऊ नये.