खाडीचा चिखल की कारखान्यातली मशीन? कार्बन पकडण्याच्या वादामागची गोष्ट

ठाण्यात किंवा नवी मुंबईत नवीन रस्ता, पूल, टाऊनशिप काहीही जाहीर झालं की हा वाद आता ठरलेलाच आहे. एक जण म्हणतो तिवरं, म्हणजे खाडीकाठची खारफुटी, तोडू नका, ती हवेतला कार्बन शोषून घेतात. दुसरा म्हणतो झाडांनी असा किती फरक पडणार, आता जगात कार्बन ओढून घेणाऱ्या मशीनी आल्यात, त्या बसवा आणि विकास थांबवू नका. दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे, पण हा वाद आला कुठून, कोणी कशासाठी सुरू केला हे बघितल्याशिवाय आपल्या खाडीबद्दल नीट बोलताच येत नाही, म्हणून ही पार्श्वभूमी.

हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापते हे गणित स्वीडनच्या अर्‍हेनियसने 1896 मध्येच मांडलं होतं. हवाईमधल्या मौना लोआवर चार्ल्स कीलिंगने 1958 पासून रोज मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत साधारण 315 भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता तो 420 च्या वर गेलाय, आणि कारखानदारी सुरू व्हायच्या आधी तो 280 च्या आसपास होता. हे बहुतेकांना माहीत असतं, पुढे जाऊ.

खरी मजेशीर गोष्ट आहे 1977 सालची. त्या एकाच वर्षी दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळे रस्ते सुचवले आणि आजचा अख्खा वाद अजून त्याच दोन रस्त्यांवर चाललाय. फ्रीमन डायसन या भौतिकशास्त्रज्ञाने लिहिलं की कार्बनमुळे संकट अंगावर आलंच तर मोठ्या प्रमाणावर भराभर वाढणारी झाडं लावून काही वर्षं वेळ विकत घेता येईल. वेळ कशासाठी, तर तेवढ्यात कोळसा-तेल सोडून दुसरीकडे वळण्यासाठी, हे त्याने स्पष्ट म्हटलं होतं. त्याच वर्षी इटलीच्या चेझारे मार्केटीने, तोही भौतिकशास्त्रज्ञच, असं मांडलं की वीजकेंद्राच्या धुरातून हा वायू वेगळा काढायचा आणि जिब्राल्टरजवळ भूमध्य समुद्राचं जड पाणी अटलांटिकमध्ये खाली खोल जातं त्या प्रवाहात सोडून द्यायचा. एकाचा भरवसा झाडांवर, दुसऱ्याचा पाइपलाइनवर. डायसनचं "तेवढ्यात कोळसा सोडा" हे वाक्य मात्र पुढे सगळे सोयीने विसरले, आणि माझ्या मते खरी गडबड तिथे झाली.

मशीनचा रस्ता तसा आणखी जुना आहे. 1930 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बॉटम्सला अमीन नावाच्या रसायनाने वायू धुण्याचं पेटंट मिळालं. धूर या द्रावणातून सोडला की कार्बन डायऑक्साइड त्याला चिकटतो, मग द्रावण शंभर डिग्रीच्या वर तापवलं की तो परत सुटतो आणि वेगळा गोळा करता येतो. तेव्हा हवामान कोणाच्या डोक्यात नव्हतं, नैसर्गिक वायू शुद्ध करून विकायचा होता एवढंच. पुढे 1972 मध्ये टेक्सासमध्ये वायू प्रक्रिया केंद्रांवर असा वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड पाइपने नेऊन जुन्या तेलविहिरीत दाबायला लागले, कारण त्याच्या दाबाने खाली अडकलेलं तेल वर येतं. म्हणजे ज्या तंत्राला आज हवामान वाचवणारं म्हणतात ते सुरू झालं जास्त तेल काढायला, आणि आजही जगात पकडल्या जाणाऱ्या कार्बनचा मोठा भाग त्याच कामाला जातो.

फक्त साठवण्यासाठी म्हणून पहिलं मोठं काम झालं नॉर्वेत. तिथे 1991 मध्ये सरकारने समुद्रातल्या तेल-वायू कंपन्यांवर कार्बन टॅक्स लावला. स्लाइपनर नावाच्या फील्डमधल्या वायूत साधारण 9 टक्के कार्बन डायऑक्साइड होता, विकण्यासाठी तो काढावाच लागणार होता, आणि हवेत सोडला तर टॅक्स, म्हणून 1996 पासून कंपनीने तो समुद्रतळाखालच्या वाळूच्या दगडात परत दाबायला सुरुवात केली, वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास. ते काम अनेक वर्षं नीट चाललं, याचं श्रेय तंत्राला द्यायलाच हवं, पण टॅक्स नसता तर कोणी केलं असतं असं मला वाटत नाही.

कोळशाच्या वीजकेंद्रांचा अनुभव याच्या उलट. द्रावण तापवायला इतकी उष्णता लागते की केंद्राच्या विजेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा त्यातच जातो. कॅनडात बाउंड्री डॅम नावाच्या कोळशाच्या वीजकेंद्रात 2014 मध्ये कार्बन पकडणारं असं युनिट सुरू झालं, टेक्सासचं पेट्रा नोव्हा 2017 मध्ये, आणि तेलाचा भाव पडल्यावर 2020 मध्ये ते बंद ठेवलं, नंतर 2023 मध्ये पुन्हा चालू केलं. मिसिसिपीतल्या केम्पर प्रकल्पाने 700 कोटी डॉलरच्या वर पैसे खाल्ले आणि 2017 मध्ये कोळशाचा नाद सोडून साधा वायू जाळायला लागला. मग आल्या थेट हवेतून कार्बन ओढणाऱ्या मशीनी. कोळशाच्या धुरात हा वायू 12-14 टक्के असतो, मोकळ्या हवेत फक्त 0.04 टक्के, म्हणजे तीनशे पट विरळ, त्यामुळे पंखे, वीज, खर्च सगळंच वाढतं. आइसलँडमध्ये 2021 ला ऑर्का सुरू झालं, क्षमता वर्षाला 4 हजार टन, आणि 2024 ला मॅमथ, क्षमता 36 हजार टन, प्रत्यक्षात पकडलेला कार्बन मात्र त्याच्या खूपच खाली राहिला. जग एका वर्षात फक्त कोळसा-तेल-वायूतून 3,700 कोटी टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतं.

आता झाडांचा रस्ता, तोही काही स्वच्छ नाही. 1988 मध्ये एईएस नावाच्या अमेरिकन कंपनीला कनेक्टिकटमध्ये कोळशाचं वीजकेंद्र उभारायचं होतं, त्याच्या धुराची भरपाई म्हणून तिने ग्वाटेमालातल्या शेतकऱ्यांकडून कोट्यवधी झाडं लावायच्या योजनेला पैसे दिले. धूर एका देशात, झाडं दुसऱ्या देशात, हिशोब कागदावर जुळला. कार्बन क्रेडिट नावाचा, म्हणजे दुसरीकडे वाचवलेला कार्बन विकत घेऊन आपल्या धुराची भरपाई दाखवायचा धंदा इथूनच वाढला. 1997 च्या क्योटो हवामान करारात जंगलं मोजायची की नाही यावर बरीच वर्षं भांडणं झाली, शेवटी नवीन लावलेली झाडं धरली पण उभं जंगल न तोडण्याला काही किंमत दिली नाही. ही मोठी चूक होती. 2005 मध्ये पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिकाने हाच मुद्दा लावून धरला की आहे ते जंगल राखलं त्याचे पैसे का नाहीत, आणि 2007 मध्ये बालीच्या हवामान परिषदेत त्याची दखल घेतली गेली.

खाऱ्या चिखलाकडे लक्ष जायला आणखी वेळ लागला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2009 मध्ये ब्लू कार्बन नावाने रिपोर्ट काढला, आणि 2011 मध्ये इंडो-पॅसिफिक भागातल्या 25 खारफुटी जंगलांची मोजणी प्रसिद्ध झाली, त्यात हेक्टरी सरासरी 1,000 टनांच्या वर कार्बन निघाला आणि त्यातला बहुतेक झाडात नाही तर खालच्या मातीत. प्रत्येक खाडीचा आकडा वेगळा असणार हे खरं, पण कारण सगळीकडे एकच आहे. भरतीच्या पाण्याखाली चिखलात ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे पडलेली पानं, मुळं कुजतच नाहीत म्हटलं तरी चालेल, थरावर थर साचत जातो. आणि समुद्राच्या पाण्यात सल्फेट असल्यामुळे गोड्या पाण्याच्या दलदलीसारखा मिथेनही फार होत नाही. ओहोटीला खाडीवरून जाताना सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, त्यात शहराचं सांडपाणी आहेच, पण बराचसा वास हे सल्फेट वापरणाऱ्या जिवाणूंच्या कामाचा आहे, म्हणजे कोठार चालू असल्याची खूण.

आपल्या खाडीची गोष्ट मात्र कार्बनच्या कितीतरी आधी सुरू होते. चेंदणी, विटावा, दिवाळे, सारसोळे इथल्या कोळी-आगरी लोकांना तिवरांचं महत्त्व कोणी शिकवायची गरज नव्हती, निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी सगळं त्याच मुळांच्या आडोशाला वाढतं, जळणाला फांद्याही तिथूनच यायच्या. खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीत, बांध घालून भातशेती आणि मिठागरंही होती, म्हणजे माणसाने खाडीला हात लावलाच नाही असं नाही. पण सरकारी कागदात या जमिनीला पडीक, दलदल एवढीच ओळख होती. साठच्या दशकात एमआयडीसीचा टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूरचा कारखान्यांचा पट्टा आला, 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, आणि 95 गावांची जमीन घेऊन नवी मुंबई उभी राहिली, त्यातली बरीच भरतीच्या पाण्याखाली जाणारी, भराव टाकून आणि बंधारे, धारण तलाव करून कोरडी केलेली. त्या काळात याला कोणी नुकसान म्हणत नव्हतं, खाडी बुजवली म्हणजे काम झालं असंच समजायचे.

1991 ला सीआरझेडची, म्हणजे समुद्र-खाडीकाठच्या बांधकामावर बंधनं घालणारी, अधिसूचना आली. 26 जुलै 2005 च्या पुराने सगळ्यांचे डोळे उघडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई हायकोर्टाने खारफुटीवर आणि तिच्यापासून 50 मीटरच्या आत बांधकाम आणि डेब्रिज टाकायला बंदी घातली. 2012 मध्ये खारफुटीसाठी राज्याचा कांदळवन कक्ष झाला, 2015 मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, 2018 मध्ये हायकोर्टाचा अंतिम निकाल की खारफुटी नष्ट करणं हे जगण्याच्या हक्काच्या विरोधात आहे, आणि 2022 मध्ये साडेसहा हजार हेक्टरवर रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी ओळख. या सगळ्या लढाईत कार्बन हा शब्द फार मागून आला, लोक भांडले ते पूर, मासे आणि पक्ष्यांसाठी. हे मी मुद्दाम लिहितोय कारण आता काही जण खाडीची किंमत फक्त क्रेडिटमध्ये मोजायला लागलेत.

आता जरा आकडे समोरासमोर ठेवून बघू. अभयारण्यात खारफुटी साधारण 900 हेक्टर. निरोगी खारफुटी वर्षाला हेक्टरी सहा-सात टन कार्बन डायऑक्साइड मातीत पुरते असं धरलं, तर सगळे मिळून वर्षाला सहा हजार टनांच्या आसपास. 500 मेगावॅटचं कोळशाचं एक वीजकेंद्र वर्षाला 30 लाख टनांच्या घरात सोडतं. म्हणजे खाडी आपला धूर पिऊन टाकेल ही समजूत चूक आहे, कितीही तिवरं लावली तरी. पण साठ्याचं गणित बघा. हेक्टरी 1,000 टन कार्बन म्हणजे, त्याला ऑक्सिजन जोडला गेला की, 3,600 टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड, म्हणजे असं दहा हेक्टर खाजण खणून उघडं पाडलं आणि तो सगळा साठा हळूहळू हवेत गेला तर मॅमथसारखी मशीन वर्षभर पूर्ण क्षमतेने चालवूनही जेमतेम तेवढंच परत येईल. खाडी दरवर्षी थोडं आत घेते पण तिच्या पोटात शेकडो वर्षांचं ठेवलेलं आहे, फिक्स डिपॉझिटसारखं, व्याज कमी म्हणून कोणी मुद्दल उधळत नाही.

म्हणूनच भरपाईच्या झाडांचा हिशोब मला पटत नाही. बुलेट ट्रेनसाठी सुमारे 22 हजार खारफुटीची झाडं तोडायला हायकोर्टाने डिसेंबर 2022 मध्ये परवानगी दिली, बदल्यात पाचपट लागवड. खाडीखालून बोगदा नेऊन बरंच नुकसान टाळलं हेही खरं, आणि तोडायच्या झाडांचा आकडा आधी 53 हजारांच्या वर होता, तो आराखडा बदलून कमी केला. पण तोडताना आणि लावताना मोजली जातात ती झाडं, झाडाखालचा चिखल कोणी मोजत नाही, आणि नवीन रोपाखाली तसा चिखल जमायला कित्येक पिढ्या जातील. त्यात रोपं लावायला जागा म्हणून उघडा चिखलपट्टा निवडला तर फ्लेमिंगोंची चरायची जागाच जाते. सांडपाणी आणि गाळाने खाडी उथळ होऊन तिवरं आपोआपच त्या पट्ट्यावर पसरतायत, तिथे आणखी घुसवायची काय गरज?

मशीनला माझा विरोध नाही. सिमेंट घ्या, चुनखडी भाजली की दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, सिमेंटच्या एकूण धुरातला साधारण 60 टक्के तोच असतो, भट्टी सोलरवर चालवली तरी तो सुटणारच, तिथे पकडण्याशिवाय इलाज नाही. तुतिकोरीनच्या अल्कली कारखान्यात 2016 पासून बॉयलरच्या धुरातला कार्बन पकडून सोडा अॅश करायला लागले, टाटा स्टीलने 2021 मध्ये जमशेदपूरला रोज 5 टनांचं छोटं युनिट लावलं, नीती आयोगाचा यावरचा रिपोर्ट 2022 मध्ये आला, आणि आपल्या शेजारी पवईला आयआयटीत कार्बन पकडून वापरण्याचं राष्ट्रीय केंद्र आहे.

आणि पकडलेला ठेवायचा कुठे, तर याचं एक उत्तर आपल्या पायाखाली आहे. आइसलँडमध्ये 2012 पासून कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून काळ्या बेसॉल्ट दगडात सोडून बघितला, दोन वर्षांत त्यातला 95 टक्क्यांहून जास्त दगडात खनिज होऊन बसला असं 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. पारसिकचा डोंगर, येऊरचा डोंगर, महाराष्ट्रातला बहुतेक सह्याद्री हा त्याच जातीचा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि पावसाच्या पाण्याने झिजता झिजता तो आजही हवेतला कार्बन थोडाथोडा बांधत असतो, म्हणजे निसर्ग की तंत्र ही भिंतच इथे पातळ होते. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने दख्खनच्या बेसॉल्टचा या दृष्टीने अभ्यास केलाय. अडचण पाण्याची आहे, आइसलँडच्या पद्धतीत एका टनाला साधारण 25 टन पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या आपल्या भागात ते आणणार कुठून हे आधी सांगायला हवं.

पण हे सगळं नव्याने पकडण्याचं झालं. खाडीत आधीच पकडलेला आहे, फुकट. ठाणे किंवा नवी मुंबईत खाडीकाठच्या प्रकल्पाची पुढची जनसुनावणी होईल तेव्हा झाडं किती तोडणार एवढंच विचारून थांबू नका, किती हेक्टर चिखल किती मीटर खोल खणणार, त्यात कार्बन किती आहे आणि तो कोणी मोजलाय, हे लेखी मागा, आणि मोजला नसेल तर पर्यावरण अहवाल अपुरा आहे अशी हरकत तिथल्या तिथे नोंदवा.