शिकाऊ उमेदवारी

कारखान्यात, कार्यशाळेत किंवा एसटीच्या आगारात ठरावीक मुदतीच्या करारावर काम शिकायचे, त्या काळात विद्यावेतन घ्यायचे आणि शेवटी परीक्षा देऊन त्या व्यवसायाचे प्रमाणपत्र मिळवायचे, या पद्धतीला शिकाऊ उमेदवारी म्हणतात. हा शब्द सरकारी कागदावरचा. बोलण्यात ‘अप्रेंटिस’ हाच शब्द रुळला आहे.

उस्तादाच्या हाताखाली राहून कसब उचलणे ही गोष्ट जुनीच. तिला कायद्याचे रूप इंग्रजी अमलात १८५० मध्ये मिळाले. त्या कायद्याने दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला बाप किंवा पालक जास्तीत जास्त सात वर्षांसाठी एखाद्या धंद्यात बांधून देऊ शके. आजच्या व्यवस्थेचा पाया मात्र शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ हा आहे. सुरुवातीला त्याचा रोख फिटर, टर्नर, वायरमन अशा कारागिरी व्यवसायांवर होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक अभियंते त्यात आले, १९८६ मध्ये बारावीच्या व्यावसायिक शाखेचे विद्यार्थी आले. २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही वाट मोकळी झाली.

कायद्याचा कणा एका वाक्यात आहे : उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. त्यामुळे त्याला कामगार कायदे सरसकट लागू होत नाहीत. मात्र आरोग्य व सुरक्षिततेच्या तरतुदी लागू होतात आणि कामावर इजा झाल्यास भरपाईही मिळते. त्याला नगावर पैसे देता येत नाहीत, उत्पादन बोनसच्या योजनेतही ओढता येत नाही. ही बंदी विचारपूर्वक घातलेली दिसते, कारण नग मोजायला लागला की पोरगा शिकणे सोडून नग काढत बसतो. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या अनुषंगिक भागाचा वेळही कामाचाच धरला जातो. कागदावरचे हे अंतर कारखान्यात टिकतेच असे नाही. कुठे जाणता फिटर शेजारी उभा राहून कानस धरायला शिकवतो, तर कुठे वर्षभर पान्हे आणून देणे आणि झाडलोट यापलीकडे काही हाती लागत नाही. प्रमाणपत्र दोघांचे सारखेच दिसते.

आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराचे मूलभूत प्रशिक्षण झालेले आहे असे धरले जाते, म्हणून त्याची मुदत कमी. नवख्याला आधी मूलभूत प्रशिक्षण घ्यावे लागते. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक झाले; प्रमाण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. त्याच नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून (२०१६) केंद्र सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपयांपर्यंत, उचलू लागले.

खरा वाद मुदत संपल्यावर सुरू होतो. उमेदवाराला नोकरी देण्याचे बंधन कायदा मालकावर घालत नाही. उत्तर प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले की, इतर बाबी समान असतील तर बाहेरच्यापेक्षा प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावे. प्राधान्य म्हणजे हक्क नव्हे, हे ज्याची मुदत संपली आहे त्याला समजावणे अवघड. रेल्वेने ‘ॲक्ट अप्रेंटिस’ म्हणजे या कायद्याखाली रेल्वेत शिकलेल्या मुलांसाठी खालच्या स्तरावरील भरतीत वीस टक्के जागा राखल्या, तरी २० मार्च २०१८ रोजी सकाळच्या गर्दीत शेकडो उमेदवार माटुंगा–दादर दरम्यान रुळांवर बसले आणि मध्य रेल्वेची लोकल ठप्प झाली. वीस टक्क्यांची ही मर्यादाच काढा आणि आम्हाला थेट सामावून घ्या, अशी त्यांची मागणी होती.