फी थकली म्हणून शाळा गुणपत्रिका, दाखला देत नाही? अर्ज कुठे आणि कसा करायचा

"आधी राहिलेली फी भरा, मग गुणपत्रिका आणि एलसी घेऊन जा." दहावीच्या निकालानंतर काही शाळांच्या ऑफिसात हे वाक्य हमखास ऐकू येतं. पैसे खरंच बाकी असले की पालक तिथेच गप्प होतात. गप्प बसायचं कारण नाही. बाकी वसूल करायला शाळेला कायदेशीर मार्ग आहेत. मुलाचे कागद अडकवून ठेवणं हा त्यातला मार्ग नाही.

आधी नेमका कोणता कागद अडलाय ते पाहा, कारण रस्ते वेगळे आहेत. दहावी-बारावीची गुणपत्रिका आणि उत्तीर्ण प्रमाणपत्र राज्य मंडळ देतं, शाळा फक्त वाटप करते. शाळा सोडल्याचा दाखला (एलसी) मात्र शाळेच्या जनरल रजिस्टरवरून, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदवहीवरून, मुख्याध्यापकांच्या सहीने निघतो.

गुणपत्रिका अडली असेल तर पहिल्यांदा डिजिलॉकर हे सरकारी ॲप उघडा. राज्य मंडळाची आणि सीबीएसईची गुणपत्रिका तिथे मिळते, आणि ही डिजिटल प्रत मूळ कागदाच्या बरोबरीची मानावी असा केंद्राचा नियम २०१७ पासून आहे. प्रवेशाची तारीख तोंडावर असेल तर तेवढ्यावर वेळ निभावते. मूळ प्रतीसाठी आपल्या विभागीय मंडळाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करावी. पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, लातूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि कोकण अशी नऊ विभागीय मंडळं आहेत.

दाखल्याच्या बाबतीत पहिली ते आठवीपर्यंत कायदा अगदी स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकांनी दाखला तात्काळ द्यायचा असतो. उशीर केला तर त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दाखला नाही म्हणून नवी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. नववी-दहावीला हा कायदा लागत नाही, पण दाखल्याअभावी मुलांचा प्रवेश अडू नये असा आदेश राज्य सरकारने जून २०२१ मध्ये काढला होता. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही दाखला हे फी वसुलीचं हत्यार नव्हे, त्यावर फी बाकीचा शेरासुद्धा मारू नये, असं बजावलं. तो निकाल महाराष्ट्रातल्या शाळांवर थेट बंधनकारक नाही, तरी अर्जात उल्लेख जरूर करावा.

आता अर्ज. मुख्याध्यापकांच्या नावाने, साध्या कागदावर, दोन प्रतींत. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर आई, वडील किंवा पालकाची सही. अठरा पूर्ण असतील तर विद्यार्थ्याने स्वतः करावा. मुलाचं नाव, इयत्ता, जनरल रजिस्टर क्रमांक, कोणता कागद हवा आणि कशासाठी हवा, एवढं पुरे. शाळेने काय अपमान केला वगैरे लिहू नका, त्यात मुद्दा हरवतो. शेवटी एक ओळ घाला: "दाखला देता येत नसल्यास त्याचे कारण लेखी कळवावे." या ओळीने बऱ्याचदा काम होतं, कारण 'फी बाकी' हे कारण सही-शिक्क्यानिशी द्यायला कुणी तयार नसतं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. अर्ज घेतच नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा.

सोबत मागच्या इयत्तेच्या निकालाची झेरॉक्स, भरलेल्या फीच्या पावत्या, मुलाचं आणि पालकांचं ओळखपत्र, आणि शाळेने व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने नकार दिला असेल तर त्याचे प्रिंट. मूळ कागद कुठेही देऊ नका. लायब्ररीची पुस्तकं राहिली असतील तर ती आधी परत करा, उगाच एक निमित्त नको.

आठवड्याभरात हालचाल झाली नाही तर तीच प्रत जोडून वर जा. प्राथमिकसाठी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, महापालिका हद्दीत पालिकेचे शिक्षणाधिकारी. माध्यमिकसाठी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक), मुंबईत शिक्षण निरीक्षक. त्यांच्याही वर विभागीय शिक्षण उपसंचालक. 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार टाका. तक्रारीवर काय झालं हे माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मूल आठवीपर्यंतचं असेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडेही जाता येतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागेवरचं मूल असेल तर फीचा प्रश्नच येत नाही. सरकारकडून त्या फीची प्रतिपूर्ती (भरपाई) आली नाही, हे शाळेने सरकारशी भांडावं.

नुसता दाखला हातात घेऊन परत येऊ नका. यू-डायस या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीच्या पोर्टलवरून मुलाचं नाव सोडण्याची विनंतीही त्याच अर्जात लिहा, नाहीतर नव्या शाळेत नाव चढवताना पुन्हा अडतं.

थकलेली फी मात्र माफ होत नाही. हप्ते मागायचे असतील तर वेगळं पत्र द्या. आकारणीच चुकीची वाटत असेल तर २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याखाली विभागीय शुल्क नियामक समिती आहे, पण तिथे एकट्याने नव्हे तर पालकांनी मिळून जावं लागतं. आणि सगळीकडून नकार आलाच तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींना तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.