अटक झालेल्या व्यक्तीचे हक्क

गुन्ह्याचा संशय किंवा आरोप असलेल्या व्यक्तीला भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २०, २१ व २२ नुसार आणि त्यांच्या आधारे झालेल्या कायद्यांनुसार व निवाड्यांनुसार मिळणारे संरक्षण. अटकेचे कारण कळणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येणे, २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर केले जाणे, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसणे, एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा न होणे आणि केले तेव्हा जो गुन्हाच नव्हता अशा कृत्याबद्दल शिक्षा न होणे, हे त्यांतले प्रमुख हक्क होत. ते मिळण्यासाठी भारताचे नागरिकत्व लागत नाही. खटला वर्षानुवर्षे चालतो, पण यांतल्या बहुतेक हक्कांचा कस लागतो तो अटकेनंतरच्या पहिल्या दिवशी.

हे हक्क घटनेत का लिहावे लागले, याचे उत्तर ब्रिटिश अमदानीत सापडते. १८९७ मध्ये पुण्यात रँडचा वध झाल्यावर पुण्यातले सरदार नातू बंधू यांना सरकारने उचलले आणि मुंबई इलाख्याच्या १८२७ सालच्या २५व्या रेग्युलेशनखाली खटला न चालवता डांबून ठेवले. आरोप काय, पुरावा कोणता, हे सांगण्याची जबाबदारी सरकारवर नव्हतीच. १९१९ च्या रौलट कायद्याने हीच सत्ता देशभर पसरवली. ज्यांनी पुढे घटना लिहिली त्यांच्यापैकी अनेकजण स्वतः विनाचौकशी तुरुंगात राहून आले होते.

तरीही घटना समितीत हा प्रश्न सरळपणे सुटला नाही. मसुद्यात आधी अमेरिकी घटनेच्या धर्तीवरची शब्दयोजना होती आणि तिच्यामुळे कायदा न्याय्य आहे की नाही हे न्यायालयाला तपासता आले असते. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांची अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्याशी भेट झाली आणि त्यानंतर ती बदलून ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ एवढेच ठेवले गेले. म्हणजे विधिमंडळाने कायदा केला की त्यानुसार कोणाचेही स्वातंत्र्य काढून घेता येणार होते. समितीतील अनेक सदस्यांना हे खटकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनाही खटकले. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी १५ अ हे नवे कलम मांडले आणि आधीच्या कलमात जे गमावले त्याची ही भरपाई आहे, असे उघडपणे सांगितले. तेच आजचे अनुच्छेद २२. फौजदारी संहितेत अशा तरतुदी आधीपासून होत्या, पण त्या साध्या दुरुस्तीने काढून टाकता आल्या असत्या. घटनेत गेल्याने ती वाट बंद झाली.

भरपाई मात्र अपुरी होती. त्याच अनुच्छेदाने प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला घटनेत जागा दिली. गुन्हा घडल्याबद्दल नव्हे, पुढे घडू नये म्हणून एखाद्याला कोंडून ठेवण्याचा हा अधिकार आहे आणि अशा व्यक्तीला २४ तासांचा नियम लागू होत नाही. सल्लागार मंडळाच्या, म्हणजे उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदाची पात्रता असलेल्यांच्या मंडळाच्या, मताशिवाय तीन महिन्यांपर्यंत स्थानबद्ध ठेवता येते. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ही मुदत दोन महिन्यांवर आणण्याचे ठरले, पण दुरुस्तीतला तेवढा भाग कोणत्याही सरकारने आजवर अमलात आणलेला नाही. महाराष्ट्रात धोकादायक कृत्यांना आळा घालणारा १९८१ चा कायदा, बोलीत ‘एमपीडीए’, पोलीस आयुक्त वा जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने माणसाला १२ महिन्यांपर्यंत स्थानबद्ध ठेवू देतो. नातू बंधूंच्या वेळच्या सत्तेचा हा वारसा स्वतंत्र देशाने सांभाळून ठेवला, ही घटनेतली सर्वांत मोठी विसंगती मानावी लागेल.

सर्वोच्च न्यायालयाचा सुरुवातीचा कलही संकुचित होता. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या १९५० च्या खटल्यात बहुमताने प्रत्येक अनुच्छेद वेगवेगळा वाचला, त्यामुळे कायदा न्याय्य आहे का हा प्रश्न तपासणीबाहेरच राहिला. न्यायमूर्ती फझल अली यांचे मत तेवढे भिन्न होते. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, जबलपूर प्रकरणात न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवले की स्थानबद्ध व्यक्तीला सुटकेसाठी न्यायालयाचे दारही ठोठावता येणार नाही. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. जनता राजवटीत ४४व्या दुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असे केले आणि १९७८ च्या मनेका गांधी निवाड्याने कार्यपद्धती न्याय्य, रास्त व वाजवी असलीच पाहिजे असे म्हटले. घटना समितीत जे वगळले गेले होते ते जवळजवळ सगळे असे न्यायालयामार्फत परत आले. जबलपूरचा निकाल २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या निवाड्यात रीतसर रद्दबातल ठरवण्यात आला.

आता पहिल्या दिवसाकडे. २४ तासांत प्रवासाचा वेळ धरत नाहीत, पण सुट्टीचा दिवस धरतात. म्हणून रविवारीही सुट्टीच्या न्यायालयात आरोपी हजर करावे लागतात. नियम इतका स्पष्ट असूनही तो मोडण्याची एक सोपी रीत रूढ आहे. माणसाला ‘चौकशीसाठी’ म्हणून ठाण्यात आणायचे, रात्रभर बसवून ठेवायचे आणि स्टेशन डायरीत अटकेची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारची टाकायची. कागदावर सगळे मुदतीत असते. ज्या क्षणी माणसाला तिथून उठून जाता येत नाही त्या क्षणापासून तो अटकेत असतो, डायरीतल्या नोंदीपासून नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच स्पष्ट केले आहे. पण ते सिद्ध करायला त्या रात्रीचा कोणी साक्षीदार लागतो. ठाण्यांत सीसीटीव्ही बसवा, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश याच कारणाने मोलाचा आहे.

कोठडीतील मृत्यूंच्या प्रश्नावर डी. के. बसू खटल्यात १९९६ साली न्यायालयाने ११ सूचना दिल्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर वाचता येईल अशी नावाची पट्टी, तारीख-वेळ घातलेला अटक पंचनामा, त्यावर नातेवाइकाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची सही, घरच्यांना खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी : या गोष्टी वरवर कारकुनी वाटतात, पण त्यांतली प्रत्येक नोंद पुढे उलटतपासणीत कामाला येते. पंचनाम्यावर अंगावरच्या जखमा लिहिलेल्या नसतील आणि नंतरच्या तपासणीत त्या दिसल्या, तर त्या कुठे झाल्या याचे उत्तर पोलिसांना द्यावे लागते. यातल्या बऱ्याच सूचना आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कायदा म्हणून आहेत. ही संहिता १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली.

अटकेची कारणे ‘सांगणे’ म्हणजे नेमके काय, यावर अलीकडे बरीच हालचाल झाली. २०२३ मध्ये आर्थिक गैरव्यवहाराच्या आणि २०२४ मध्ये यूएपीएच्या, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या, प्रकरणात, कारणे लेखी देणे बंधनकारक ठरले. २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम सर्व गुन्ह्यांना लावला : कारणे आरोपीला कळणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, तत्काळ शक्य नसल्यास तोंडी सांगावीत, मात्र रिमांडसाठी, म्हणजे पुढची कोठडी ठरवण्यासाठी, हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. त्या दोन तासांत वकिलाला तो वाचता येतो. कोठडीला विरोध कशाच्या आधारे करायचा हे त्याशिवाय ठरतच नाही.

रिमांडच्या वेळी न्यायदंडाधिकारी आरोपीला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ प्रश्न योग्यच आहे. अडचण अशी की ज्यांच्याविषयी विचारले जाते तेच पोलीस त्याच्या शेजारी उभे असतात आणि कोठडी मिळाली तर त्यांच्याच गाडीतून त्याला परत जायचे असते. म्हणून ‘नाही’ हे उत्तर फारसे काही सिद्ध करत नाही. अंगावर नजर टाकणे, चालताना लंगडतो का पाहणे, पोलिसांना बाहेर थांबवून विचारणे, हे दंडाधिकाऱ्याच्या हातात असते आणि ज्यांनी ते केले त्यांच्या न्यायालयात या हक्काला जीव आला.

वकील परवडत नसेल तर तो सरकारी खर्चाने मिळतो. मोफत कायदेशीर मदतीची तरतूद करणारे अनुच्छेद ३९ अ हे १९७६ चे. १९७८ च्या होसकोट आणि १९८१ च्या खत्री निवाड्यांनी त्याला धार आली. आरोपीने मागणी केली नाही तरी हा हक्क त्याला सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबच्या अपिलातही बजावले. मुंबईवरील हल्ल्यातल्या त्या आरोपीलाही वकील दिला गेला होता. ‘अमक्याचे वकीलपत्र कोणी घेऊ नये’ असे वकील संघांचे ठराव न्यायालयाने २०१० मध्येच बेकायदा ठरवले आहेत.

गप्प राहण्याचा हक्क अनुच्छेद २० (३) मधला. बोटांचे ठसे व हस्ताक्षर देणे ही साक्ष नव्हे, असे ११ न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१ मध्ये ठरवले. संमतीशिवाय नार्को चाचणी मात्र २०१० पासून निषिद्ध आहे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. महाराष्ट्रात मोक्का, म्हणजे १९९९ चा संघटित गुन्हेगारी कायदा, याला अपवाद करतो : अधीक्षक दर्जाच्या वा त्यावरील अधिकाऱ्यापुढचा जबाब तिथे ग्राह्य धरला जातो.

देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. बिहारच्या तुरुंगांत संभाव्य शिक्षेपेक्षा जास्त काळ खितपत पडलेल्यांमुळे १९७९ मध्ये जलद खटल्याचा हक्क मान्य झाला. ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र न आल्यास जामीन हक्काने मिळतो. यूएपीए व मोक्कात ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. नव्या संहितेचे कलम ४७९ पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, इतरांना निम्मा काळ भोगल्यावर जामीन देते आणि त्यासाठी अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकते. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. एकाहून अधिक प्रकरणे चालू असलेल्यांनाही लाभ मिळत नाही. जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी आत राहणारे वेगळेच. महिन्याभरात हमी भरली गेली नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सुचवले असून अशा कैद्यांची यादी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाते.