ध्रुवीय हिमनद्यांचा वेग आणि सागरी तापमान

ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकातील अनेक हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. त्यांचा वेग उतार, बर्फाची जाडी आणि तळाशी असलेले पाणी यांवर अवलंबून असतो, तसाच समोरच्या समुद्राच्या खोल थरांतील तापमानावरही. हे पाणी फार गरम असावे लागत नाही. खारे पाणी उणे १.९ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते आणि दाब वाढतो तसा बर्फाचा वितळणबिंदू दर किलोमीटर खोलीमागे सुमारे पाऊण अंशाने उतरतो. म्हणून शेकडो मीटर खोलीवर दोन-तीन अंशांचे पाणीही बर्फ झपाट्याने खाते.

हिमनदीचे समुद्रात शिरलेले टोक बऱ्याचदा तरंगते. त्याच्या कडा दरीच्या भिंतींना घासतात, तळ एखाद्या उंचवट्यावर अडकतो आणि त्या अडथळ्याचा मागच्या बर्फाला टेकू मिळतो. खालून उबदार पाणी लागले की टोक पातळ होऊन तुटते, टेकू जातो आणि मागचा बर्फ वेगाने पुढे सरकतो. तरंगता बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. ती वाढते मागून आलेल्या जमिनीवरच्या बर्फाने.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पश्चिम ग्रीनलंडमधील इलुलिसॅट गावाजवळची याकोब्सहाव्न हिमनदी, स्थानिक नाव सेर्मेक कुयालेक. १९९० च्या दशकात ती वर्षाला सुमारे ६ किमी सरकत असे. १९९७ नंतर तिचे तरंगते टोक पातळ होऊ लागले, २००३ पर्यंत ते कोसळले आणि वेग दुपटीवर गेला. २०१२ च्या उन्हाळ्यात तो वर्षाला १७ किमी, म्हणजे दिवसाला सुमारे ४६ मीटर, या दराला पोहोचला. कारण सापडले ते कोळंबी आणि माशांच्या साठ्याची पाहणी करणाऱ्या जहाजांच्या नोंदींत. ही जहाजे जाळे ओढताना तळाचे तापमानही टिपत. १९९७ साली अटलांटिककडून आलेले उबदार, खारे पाणी पश्चिम किनाऱ्यालगत पसरल्याचे त्यातून दिसले. खारेपणामुळे ते जड असते. वरच्या थंड, गोड्या थराखालून ते फ्योर्डमध्ये, म्हणजे समुद्र आत शिरलेल्या अरुंद, खोल दरीत, शिरते. हिमनदीच्या तळातून बाहेर पडणारे वितळपाणी वर उसळताना हेच उबदार पाणी बर्फाच्या भिंतीलगत खेचून नेते.

२०१६ पासून उलटे घडले. हिमनदीसमोरच्या डिस्को उपसागरात पुन्हा थंड पाणी आले, हिमनदी मंदावली आणि तिचे टोक जाडही झाले. ‘तापमानवाढ थांबली’ असा निष्कर्ष काहींनी काढला, पण तो उथळ आहे. पाणी तापले तेव्हा वेग वाढला, निवले तेव्हा घटला. समुद्राच्या हाती लगाम असल्याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण. शिवाय मंदावलेल्या काळातही ही नदी समुद्रात बर्फ ओततच होती.

अंटार्क्टिकाच्या पश्चिम भागात, आमुंडसेन समुद्राकाठच्या पाइन आयलंड आणि थ्वेट्स या हिमनद्यांवर ध्रुवाभोवती फिरणाऱ्या खोल प्रवाहाचे पाणी खालून आघात करते. थ्वेट्स सुमारे १२० किमी रुंद असून तिचा तळ समुद्रसपाटीखाली आहे आणि आत जावे तसा तो खोल होतो. त्यामुळे माघार सुरू झाली की जाड बर्फ उघडा पडून ती वाढत जाण्याची भीती आहे. २०२० च्या सुरुवातीला बर्फात सुमारे ६०० मीटर खोल भोक पाडून ‘आइसफिन’ हा यंत्रमानव तिच्याखाली सोडण्यात आला. बर्फाची सपाट खालची बाजू अपेक्षेपेक्षा हळू वितळत होती; मात्र भेगा आणि पायऱ्यांसारख्या भागांत वितळण्याचा वेग कितीतरी जास्त होता.

प्रत्येक हिमनदीचे गणित सारखे नसते. नॉर्वेच्या स्वालबार्ड या आर्क्टिक द्वीपसमूहातील क्रोनेब्रीन हिमनदीच्या बाबतीत टोक तुटण्याचे प्रमाण प्रवाहाच्या वेगापेक्षा पाण्याच्या तापमानाशी अधिक जुळते. ती ज्या काँग्सफ्योर्डमध्ये उतरते, तिथे वास्को (गोवा) येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने जुलै २०१४ मध्ये १९२ मीटर खोलीवर ‘इंडार्क’ ही वेधशाळा नांगरली. तापमान आणि क्षारता यांच्या नोंदी ती वर्षभर, समुद्रपृष्ठावर अंधार असतानाही घेते.