‘नाव सांगतो तुझं!’: चहाडी कुठली आणि सांगणं कुठलं

कोल्हापुरातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात मधल्या सुट्टीत पाच मिनिटं उभं राहा. ‘बाईंना नाव सांगतो तुझं!’ कानावर येणारच. मग टेबलाशी रांग. ह्यानं माझ्या वहीवर रेघ मारली, त्यानं जीभ दाखवली, ती डब्यातलं सांडत्या. पहिली-दुसरीच्या बाईंकडं यावर एक तयार उत्तर असतं, माझ्याकडंही होतं: ‘चहाड्या करू नकोस, जा जागेवर.’ मुलांना चांगलं वळण लावतोय असं वाटायचं.

चहाडी आणि सांगणं वेगळं कसं ओळखायचं, याचं एक सोपं सूत्र शिक्षकांमध्ये चालतं. कुणाला अडकवायला सांगितलं तर चहाडी, कुणाला सोडवायला सांगितलं तर मदत. ऐकायला छान आहे, भिंतीवर तक्ता करून लावण्याजोगं. पण सहा वर्षांच्या पोराच्या पोटात ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत नसतात.

दुसरीच्या वर्गातली एक मुलगी चार दिवस रोज यायची. ‘बाई, ती बाटलीतलं पाणी नळाखाली ओतत्या. मी बघितलो.’ (आमच्याकडं मुलीही ‘मी बघितलो’च म्हणतात, पुण्याकडच्यांनी हसायचं ते हसून घ्यावं.) जिच्याबद्दल सांगायची तिच्याशी हिची कट्टी होती, हे सगळ्या वर्गाला ठाऊक. मी चारही दिवस म्हणाले, ‘तू तुझं बघ.’ पाचव्या दिवशी खिचडी खाऊन झाल्यावर त्या दुसरीनं भरलेली बाटली माझ्यासमोरच ओतली. घरी नेली तर आई ‘पाणी का प्यालं नाहीस’ म्हणून रागावते, म्हणून ओतायची. आणि प्यायची नाही, कारण प्यालं की एकीला जावं लागतं, आणि तिथं मोठ्या वर्गातल्या दोघी बाहेरून कडी लावून हसत उभ्या राहायच्या. हे किती दिवस चाललं होतं, तिलाही सांगता येईना.

म्हणजे सांगणारीचा हेतू पक्का चहाडीचा आणि बातमी शंभर टक्के खरी, कामाची. सूत्रानं मी तिला पास करणार की नापास? तेव्हापासून ‘का सांगतेय’ हे मी नंतर बघते. आधी ‘काय सांगतेय’ ते ऐकते.

ह्या वयात सगळंच का सांगावंसं वाटतं, त्यालाही कारण आहे. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं गोट्या खेळणाऱ्या मुलांना नियमांबद्दल विचारून 1932 मध्ये मांडलं, की लहान मुलांना नियम म्हणजे मोठ्यांनी दिलेली, न बदलणारी गोष्ट वाटते. रेघ सोडून लिहिणं आणि मित्राला जिन्यावरून ढकलणं, दोन्हीकडं नियमच मोडलेला. कुठलं मोठं, कुठलं किरकोळ, हे पोरांना आपण शिकवायचं असतं. ते शिकवायच्या आधीच आपण ‘चहाडखोर’ म्हणून मोकळे होतो.

आणि गंमत म्हणजे चहाडीचं सरकारी खातं आपणच उघडलेलं असतं. बाई ऑफिसात गेल्या की मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो, परत बोलला की नावापुढं फुली. फुल्या मोजून शिक्षा. त्याच वर्गात आपण सांगतो, चुगली करणं वाईट.

खरी चहाडी नसतेच असं नाही. ती ओळखू येते. सांगणाऱ्याच्या डोळ्यांत चमक असते, तो चारचौघांत मोठ्यानं सांगतो, आणि सांगून झाल्यावर जागेवर जात नाही. समोरच्याला बोलणी बसलेली बघायला थांबतो. ते बघायला मिळालं की धंदा जोरात चालतो. त्यामुळं माझा नियम: सांगणाऱ्याच्या देखत कुणालाही रागवायचं नाही. ‘बरं, कळलं’ एवढंच. किरकोळ असेल तर एक प्रश्न, ‘तू त्याला सांगितलंस का?’ निम्मी रांग तिथंच पांगते.

मात्र काही गोष्टी कुणीही, कशाही सुरात सांगितल्या तरी हातातलं काम ठेवायचं. कुणाला लागलंय, कुणी रोज रडतंय, कुणाला कोंडलंय, कुणी नको तिथं हात लावतंय, कुणी ‘हे घरी सांगू नकोस’ म्हणालंय. यात मोठी माणसंही आली. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 17 प्रमाणं शाळेत मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही बंद आहे. लैंगिक अत्याचाराबाबत तर 2012 चा पॉक्सो कायदा मोठ्यांना ‘बघू’ म्हणायला जागाच ठेवत नाही. कलम 19 प्रमाणं कळलं की पोलिसांना सांगायचं, आणि न सांगणाऱ्याला कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आधी खरं-खोटं करत बसण्याचं काम शाळेचं नाही. कायद्याच्या लेखी तिथं चहाडी नावाचा प्रकारच उरत नाही.

माझी खरी काळजी चौथीची आहे. पहिलीत सगळे सगळं सांगतात, चौथीत कुणी काही सांगत नाही. मधल्या तीन वर्षांत आपलं ‘चहाड्या करू नकोस’ छान मुरलेलं असतं. त्यात आमचं गाव तालमींचं आणि पेठापेठांच्या फुटबॉलचं. पोरगं लंगडत आलं, विचारलं तर ‘बॉल खेळताना लागलं’. टोपणनावानं चिडवून चिडवून जेरीला आणलेलं असतं, पण बाईंकडं गेला तर ‘रडतंय बघ’ ऐकावं लागणार. म्हणून नडायचं नाहीतर गप बसायचं. ह्यांना ‘सांगत जा रे’ म्हणून भागत नाही. दाखवावं लागतं, की सांगणाऱ्याचं नाव फुटत नाही.

शाळांत तक्रारपेटी असते. 2022 पासून मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत ‘सखी सावित्री’ समित्याही करायला सांगितल्यात. पेटी चांगलीच, पण बऱ्याच ठिकाणी ती मोठ्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर ठोकलेली, तीही ऑफिसच्या दारात. तिथं चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसणार. आम्ही आमची पेटी खाली, पाण्याच्या टाकीमागं आणली. पहिल्या आठवड्यात दोन चॉकलेटचे कागद आणि पेन्सिल चोरीची एक तक्रार निघाली. पुढं एक चित्र निघालं, नुसतं बंद दार. लिहिता न येणाऱ्यांनी असं चित्र काढलं तरी चालतं, हे आता मी वर्गात सांगते. आणि 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा फुकट नंबर ‘दहा-नऊ-आठ’ असा पाढ्यासारखा म्हणून घेते.

कडी लावणाऱ्या दोघींशी, त्यांच्या घरच्यांशी बोलणं झालं, बाहेरची कडी काढून टाकली. पुढच्या आठवड्यात आमची बातमीदार पुन्हा टेबलाशी हजर.

‘बाई, ती आता सारखं पाणीच पित्या. गणितात लक्षच न्हाई तिचं.’

‘बरं, कळलं,’ मी म्हणाले.